मांडणे आणि आवरणे : वस्तीच्या सामाईक फिरत्या सामानाच्या घडणीविषयी

१

कलावस्तूविषयीच्या आपल्या चर्चेत ‘मांडणी’ हा शब्द चांगलाच रुळला आहे. चित्राची मांडणी, नाट्यप्रयोगाची मांडणी, विचाराची मांडणी असे आपण सहज म्हणतो. घरगुती व्यवहारात मात्र मांडण्याच्या क्रियेला आवरण्याच्या क्रियेची नित्य जोड असते. पाट मांडले की ते उचलावे लागतात. बैठक घातली की ती झटकून गुंडाळावी लागते. ही दुसरी क्रिया समीक्षेच्या परिभाषेत कधी शिरली नाही. ज्या वस्तू एका जागी कायमच्या स्थिर असतात त्यांच्याबाबतीत ही उणीव जाणवत नाही, कारण देवळापुढचा पार किंवा बागेतील दगडी बाक कोणाला आवरावा लागत नाही. परंतु वस्तीतील अनेकांच्या मालकीचे, इकडून तिकडे हलणारे, चार तास उपयोगी पडून पुन्हा दृष्टीआड होणारे जे सामान असते, त्याच्या घडणीचा विचार केवळ मांडणीच्या अंगाने केला तर तो अर्धाच राहतो, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. हे मत काही प्रसिद्ध आणि काही अगदीच अप्रसिद्ध उदाहरणांच्या आधारे तपासून पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे.

आरंभी प्रयोजनाचा प्रश्न स्पष्ट केला पाहिजे. कांटने १७९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात स्वतंत्र सौंदर्य आणि आश्रित सौंदर्य असा भेद केला. वस्तू काय असावी या कल्पनेवाचून जे प्रतीत होते ते पहिले. ज्याच्या आस्वादाला त्या कल्पनेचा आधार लागतो ते दुसरे. इमारतींची गणना त्याने दुसऱ्या वर्गात केली, आणि खुर्ची किंवा सतरंजी यांचीही गणना तेथेच होईल. तेव्हा सामाईक फिरत्या सामानाचे प्रयोजन कोणते, हे आधी ठरवावे लागते. ‘लोकांना बसता यावे’ हे उत्तर पुरेसे नाही. बसण्याची सोय स्थिर बाकही करतो. फिरत्या सामानाचे प्रयोजन असे की, जी जागा एरवी रहदारीची, मुलांच्या खेळाची किंवा कपडे वाळविण्याची आहे ती काही काळ सभेची, पंगतीची किंवा उत्सवाची व्हावी, आणि तो काळ सरल्यावर ज्याची त्याला परत मिळावी. जागा परत करणे हा या प्रयोजनाचाच भाग आहे. म्हणून आवरण्याची सोय ही या वस्तूंच्या घडणीला मागाहून जोडलेली पुरवणी मानता येत नाही. ती त्यांच्या व्याख्येतच अंतर्भूत आहे.

२

या विषयावरील आधुनिक चर्चेत विल्यम व्हाइट यांच्या निरीक्षणांना मोठे स्थान आहे. १९७० नंतरच्या दशकात त्यांनी न्यूयॉर्कमधील लहान चौक व उद्याने यांचे चित्रफितींच्या साहाय्याने निरीक्षण केले आणि १९८० साली ‘द सोशल लाइफ ऑफ स्मॉल अर्बन स्पेसेस’ या पुस्तकात आपले निष्कर्ष मांडले. त्यांतील एक निरीक्षण विशेष मार्मिक आहे. हलविता येण्याजोगी खुर्ची समोर आली की माणूस बसण्यापूर्वी ती थोडीशी सरकवतो. उन्हासाठी, सावलीसाठी किंवा सोबत्यासाठी ती सरकविणे समजण्यासारखे आहे. परंतु काही कारण नसतानाही तो ती इंचभर हलवतो आणि मग बसतो. खुर्ची हलविता येते याचाच अर्थ तेथे आपल्या इच्छेला काही स्थान आहे, आणि ते हलविणे म्हणजे त्या स्थानाची नोंद करणे होय, असा व्हाइट यांच्या विवेचनाचा आशय आहे.

या विवेचनाला आधारभूत ठरलेल्या जागांपैकी एक म्हणजे मॅनहॅटनच्या त्रेपन्नाव्या रस्त्यावरील पेली पार्क. १९६७ साली खुले झालेले हे उद्यान अवघे ४२ फूट रुंद आणि १०० फूट खोल आहे. मागील भिंतीवर २० फूट उंचीचा धबधबा, काही झाडे आणि तारेच्या हलक्या खुर्च्या, एवढाच त्याचा संसार. रॉबर्ट झायन यांनी त्याची रचना केली आणि विल्यम पेली यांनी आपल्या दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ ते उभारले. पुढे १९९२ साली नव्या रूपात खुल्या झालेल्या ब्रायंट पार्कमध्येही, व्हाइट यांच्याच विचारांना अनुसरून, हिरव्या घडीच्या सुट्या खुर्च्या मोठ्या संख्येने ठेवण्यात आल्या, आणि ज्या उद्यानाला लोक टाळत असत ते माणसांनी भरून गेले.

ही यशे खरी आहेत. तथापि त्यांचे श्रेय कशाला द्यावयाचे, याविषयी थोडी सावधगिरी हवी. पेली पार्क ही खाजगी मालकीची जागा आहे. तिला दार आहे आणि ते रात्री बंद होते. ब्रायंट पार्कची व्यवस्था १९८० साली स्थापन झालेल्या एका खाजगी संस्थेकडे आहे, आणि दिवसभरात विखुरलेल्या खुर्च्या जागेवर आणणे हे तिच्या पगारी नोकरांचे काम आहे. म्हणजे दुपारी एखाद्या वाचकाने खुर्ची हवी तिथे ओढून नेण्याचे जे स्वातंत्र्य घेतले, त्याच्यामागे ती खुर्ची परत आणणारे दुसऱ्या कोणाचे तरी हात असतात. व्हाइट यांना व्यवस्थापनाचे महत्त्व कळत नव्हते असे नाही. रखवालदार, फेरीवाला यांच्यासारखी माणसे एखाद्या चौकाला कशी सांभाळतात, हे त्यांनी आवर्जून पाहिले होते. परंतु त्यांच्या नावाने पुढे जी परंपरा रूढ झाली तिने खुर्ची तेवढी उचलली आणि ते हात मागेच ठेवले. कोठल्याही शहरात चार सुट्या खुर्च्या ठेवल्या की सार्वजनिक जीवन फुलते, असे मग वाटू लागले.

पॅरिसमधील लक्झेंबर्ग उद्यानाचा इतिहास या दृष्टीने अधिक बोलका आहे. तेथील प्रसिद्ध धातूच्या खुर्चीचा नमुना १९२३ सालचा. हे उद्यान फ्रेंच सेनेटच्या अखत्यारीत आहे, आणि आज तेथे कोणीही खुर्ची घेऊन कोठेही बसू शकतो. पण विसाव्या शतकात बराच काळ या खुर्चीवर बसण्यासाठी भाडे द्यावे लागे आणि ते गोळा करीत हिंडणाऱ्या स्त्रिया पॅरिसच्या उद्यानांतील परिचित व्यक्ती होत्या. खुर्ची तीच, बसण्याची रीत तीच. परंतु भाडे देऊन बसलेला गिऱ्हाईक होता आणि भाड्याशिवाय बसलेला नागरिक झाला. वस्तूच्या आकारात काहीही न बदलता तिचा सामाजिक अर्थ पालटतो, हे या उदाहरणातून दिसते. म्हणून केवळ आकाराच्या परीक्षणाने अशा वस्तूची समीक्षा पुरी होत नाही.

३

उद्यानातील खुर्ची फिरते ती उद्यानापुरती. वस्तीतून वस्तीत जाणारे, चाकांवरचे सामाईक सामान ही त्यापुढची पायरी, आणि तिच्याविषयी जाणीवपूर्वक प्रयोग करणाऱ्यांत जपानमधील ‘अतेलिए बाव-वाव’ या वास्तुशिल्पी कार्यालयाचे नाव घ्यावे लागते. योशिहारू त्सुकामोतो आणि मोमोयो काइजिमा यांनी १९९२ साली तोक्योमध्ये ते सुरू केले. इमारतीपेक्षा लहान आणि नुसत्या वस्तूपेक्षा मोठ्या अशा आपल्या काही रचनांना ते ‘सूक्ष्म सार्वजनिक अवकाश’ म्हणतात. २००२ सालच्या शांघाय द्वैवार्षिक प्रदर्शनासाठी त्यांनी सायकल आणि टेबल-खुर्ची यांची जोड घालून काही वाहने केली. घरातील खुर्च्या रस्त्यावर आणून बसण्याची तेथील लोकांची सवय आणि सायकलींचा सर्रास वापर, या दोन गोष्टी त्या रचनेत एकत्र आल्या होत्या. २००३ साली नीगाता प्रांतातील एचिगो-त्सुमारी येथील त्रैवार्षिक कला-महोत्सवासाठी त्यांनी ‘व्हाइट लिमोझिन याताई’ तयार केली. याताई म्हणजे खाद्यपदार्थ विकण्याची जपानी हातगाडी. ही गाडी त्यांनी ओढून ताणून सुमारे १० मीटर लांब केली आणि पांढऱ्या रंगाने रंगविली. त्या बर्फाळ प्रदेशाची आठवण म्हणून तिच्यावर पांढरेच पदार्थ वाढण्याची योजना होती.

आकाराच्या दृष्टीने या गाडीचे यश वादातीत आहे. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे सांगितली. त्या परिभाषेत बोलावयाचे तर हातगाडीचा लहानसा, ओळखीचा जीव आणि तिची अवाढव्य लांबी यांच्यातील विरोध डोळ्यांना क्षणात प्रतीत होतो आणि त्यातून एक खेळकर समतोल साधतो. तिचे सामाजिक मर्मही येथेच आहे. नेहमीच्या हातगाडीपाशी विकणारा एक आणि खाणारे दोनचार असतात. १० मीटरच्या गाडीपाशी अनोळखी माणसांची एक लांब पंगतच बसते. शिवाय एवढी लांब गाडी एका माणसाला वळविता येणार नाही. तिला ढकलण्यासाठी, वळणावर सांभाळण्यासाठी अनेक जण लागतील आणि त्यांना एकमेकांशी बोलावे लागेल. गैरसोयीचाच येथे हेतुपूर्वक उपयोग केलेला आहे, असे म्हणता येईल.

मात्र येथेच एक शंका उपस्थित होते. महोत्सवाच्या दिवसांत ढकलण्यासाठी हात मिळतात, कारण ढकलणे हाच उत्सवाचा भाग असतो. वस्तीचे नित्य जीवन महोत्सवासारखे नसते. ज्या प्रदेशात तरुण माणसे शहरांकडे निघून गेली आहेत आणि वृद्धांचे प्रमाण वाढते आहे, तेथे पाच-सहा जणांवाचून न हलणारी वस्तू एरवीच्या दिवशी कोण हलविणार? तिच्यासाठी लागणारी १० मीटरची जागा कोणाच्या अंगणात निघणार? या प्रश्नांमुळे त्या कृतीचे कलामूल्य कमी होत नाही. परंतु महोत्सवासाठी केलेली वस्तू आणि वस्तीसाठी केलेली वस्तू यांना एकाच मापाने मोजणे बरोबर नाही, हे त्यांवरून ध्यानात येते. या विषयावरील बहुतेक लेखनात आढळणारी छायाचित्रे मांडलेल्या क्षणाची असतात. माणसे बसली आहेत, दिवे लागले आहेत, मुले धावत आहेत. आवरल्यानंतरचे, त्या वस्तूच्या निजण्याच्या जागेचे छायाचित्र क्वचितच दिसते. समीक्षकाची दृष्टीही नकळत त्या छायाचित्राच्या चौकटीत अडकते.

४

ज्या वस्तीत फिरते सामाईक सामान शतकभराहून अधिक काळ नित्य वापरात राहिले आणि तरीही ‘डिझाइन’ या सदरात ज्याची कोणी नोंद केली नाही, अशा वस्तीकडे आता वळले पाहिजे. मुंबईतील चाळ ही अशी वस्ती आहे. गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. १९२० नंतरच्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि आजच्या ना. म. जोशी मार्गावर बांधलेल्या बी.डी.डी. चाळींत प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. तळमजला आणि वर तीन मजले मिळून एका इमारतीत ८० खोल्या. इतक्या लहान घरात बारसे, साखरपुडा, तेरावा यांपैकी काहीच मावत नाही. तेव्हा प्रत्येक घराचा दिवाणखाना चाळीच्या पटांगणात किंवा मधल्या बोळात असतो, आणि तो कामापुरता मांडावा लागतो. या मांडणीचे मुख्य साधन म्हणजे सतरंजी.

सतरंजीला आपण सहसा घडणीची वस्तू मानत नाही; पण प्रयोजनाच्या कसोटीवर तिचे परीक्षण केले तर ती फार विचारपूर्वक घडलेली ठरते. ती गुंडाळली की खांद्यावर जाते आणि जिन्याच्या वळणातून निघते. ती जिन्याखाली, माळ्यावर, मंडळाच्या खोलीच्या कोपऱ्यात उभी राहते. तिला उलटसुलट बाजू जवळजवळ नसते. तिला ठिगळ लावता येते, धुता येते, आणि फारच जुनी झाली तर तुकडे करून वापरता येते. सर्वांत महत्त्वाचा गुण असा की, ती बसणाऱ्यांची संख्या ठरवीत नाही. शंभर खुर्च्या मांडल्या की एकशे एकावा माणूस उभा राहतो. सतरंजीवर ‘जरा सरकून घ्या’ म्हटले की त्याला जागा होते. व्हाइट यांच्या उद्यानात माणूस खुर्ची सरकवतो आणि आपल्या इच्छेची नोंद करतो. सतरंजीवर माणूस स्वतः सरकतो आणि दुसऱ्याच्या गरजेची नोंद घेतो. या दोन सरकण्यांत दोन प्रकारच्या सार्वजनिक जीवनाचा भेद आहे. त्यांतले एक श्रेष्ठ व दुसरे कनिष्ठ असे म्हणण्याचा येथे उद्देश नाही. परंतु फिरत्या सामानाविषयीचा प्रचलित सिद्धांत पहिल्यावरच उभा आहे, हे मात्र नमूद केले पाहिजे.

सतरंजीच्या जोडीला मोठी पातेली, परात, पाण्याची पिंपे, लोखंडी घडीच्या खुर्च्या असा चाळीचा किंवा गावकरी मंडळाचा संसार असतो. कोकणातील वाड्यांतूनही अशी सामाईक भांडी असतात. या वस्तूंवर अक्षरे असतात, आणि ती वाचण्याजोगी असतात. भांड्याच्या काठावर वाडीचे नाव कोरलेले, खुर्चीच्या पाठीवर मंडळाचे नाव रंगविलेले, आणि त्याखाली बहुधा कोणा कैलासवासी व्यक्तीच्या स्मरणार्थ ती भेट दिल्याची ओळ. पेली पार्क ज्या भावनेतून उभे राहिले तीच भावना येथे एका खुर्चीपुरती लहान होऊन आलेली असते. फरक इतकाच की, पेली पार्कमध्ये दात्याचा अधिकार देणगीबरोबर संपत नाही; खुर्चीच्या दात्याचे नाव राहते आणि अधिकार मंडळाकडे जातो. ही अक्षरे वस्तूची ओळख सांगतात, ती हरवल्यास परत येण्याची वाट दाखवितात आणि ती एकट्याची नाही याची आठवणही देतात. जोडीला बहुधा एक वही असते. कोणत्या खोलीने किती खुर्च्या नेल्या आणि किती परत केल्या, याची नोंद तीत होते. ही वही त्या सामानाचा अदृश्य भागच आहे. तिच्यावाचून खुर्च्यांचे सामाईकपण फार दिवस टिकत नाही.

५

येथवरच्या विवेचनावरून चाळीचे एक रम्य चित्र तयार होण्याचा धोका आहे आणि तो टाळणे आवश्यक आहे. ‘सामाईक’ या शब्दात कोण येते आणि कोण येत नाही, हा प्रश्न आपल्याकडे बैठकीच्या संदर्भात फार जुना व फार कठोर आहे. गावच्या पारावर, चावडीपुढे, पंगतीत कोणी कोठे बसावयाचे हे जातीने ठरविलेले होते. सवर्णांच्या जाजमावर दलितांना स्थान नव्हते, आणि त्यांच्यासमोर खाटेवर किंवा खुर्चीवर बसणे हा उद्धटपणाचा गुन्हा मानला जाई. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला तो सार्वजनिक पाण्यासाठी; परंतु पाणी, रस्ता, बैठक या साऱ्यांच्या मुळाशी प्रश्न एकच होता. हे लक्षात घेतले म्हणजे ‘सरकून घ्या’ या सौजन्याची मर्यादा कळते. सरकून जागा कोणासाठी करावयाची, हे आधीच ठरलेले असेल तर सतरंजीचा उदारपणा तिच्या काठाशी संपतो.

या पार्श्वभूमीवर खुर्चीचा अर्थ निराळा होतो. खुर्ची एका माणसाला एक जागा देते. तिचे हे मोजके, काहीसे कोरडे स्वरूप ज्याला पूर्वी जागाच नव्हती त्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. तिच्यावर सर्व जण एकाच उंचीवर बसतात. म्हणून सतरंजी जाऊन खुर्ची आली यात केवळ संस्कृतीचा ऱ्हास पाहणे हे एकांगी होईल. दुसऱ्या बाजूने हेही खरे की, सतरंजीपुढे चार खुर्च्या पाहुण्यांसाठी ठेवल्या की उंचसखलपणा पुन्हा निर्माण होतो. वस्तू स्वभावतः समतावादी किंवा विषमतावादी नसते. वस्तूंची एकमेकींशी जी मांडणी होते तीत हे गुण येतात.

प्लॅस्टिकच्या एकसंध खुर्चीचा विचारही याच दृष्टीने करावा लागतो. साच्यात एका दमात ओतलेल्या खुर्चीचे प्रयोग १९६० नंतरच्या दशकात युरोपात झाले, आणि १९७२ साली फ्रान्समधील आंरी मासोने यांनी केलेल्या नमुन्यापासून स्वस्त खुर्चीची ही जात जगभर पसरली. अभिरुचीसंपन्न मंडळींत तिच्याविषयी तुच्छतेने बोलण्याची प्रथा आहे. ती दिसायला सामान्य आहे, उन्हाने ठिसूळ होते, पाय फाटला की दुरुस्त होत नाही आणि फेकल्यावर कुजत नाही, हे दोष खरेच आहेत. परंतु आवरण्याच्या अंगाने पाहिले तर तिचा एक गुण दुर्लक्षिता येत नाही. तिचे वजन दोन-अडीच किलोच्या आसपास असते आणि ती एकीत एक बसते. लोखंडी घडीची खुर्ची उचलताना बोट सापडते, ओझे होते. मोठी सतरंजी उचलायला दोन दांडगे माणूस लागतात. प्लॅस्टिकची खुर्ची म्हातारी बाई किंवा दहा वर्षांचे मूलही उचलू शकते.

ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही, कारण आवरण्याच्या कामाची वाटणी समाजात समान नसते. मांडताना उत्साह असतो, देखरेख करणारे पुष्कळ असतात. आवरताना रात्र झालेली असते आणि पुष्कळ जण निघून गेलेले असतात. मांडव घालण्याचा मान आणि झाडून घेण्याचे काम बहुधा वेगवेगळ्या माणसांकडे जाते. झाडणे, भांडी घासणे, उरलेले अन्न काढून ठेवणे ही कामे बायकांकडे, आणि जेथे पैसे देऊन करून घ्यावयाची तेथे पिढ्यान्‌पिढ्या तेच काम माथी आलेल्या जातींकडे जाण्याची आपल्याकडील रीत कोणास अपरिचित नाही. तेव्हा एखादी वस्तू सामाईक आहे किंवा नाही, हे तिच्यावर कोण बसते यावरून जितके ठरते त्याहून अधिक ती कोण आवरते यावरून ठरते. ज्या वस्तूवर सर्व बसतात पण जी ठरावीक चौघांनाच उचलावी लागते, ती सामाईक म्हणणे कठीण आहे. न्यूयॉर्कच्या उद्यानातील पगारी नोकर, पॅरिसमधील भाडे गोळा करणाऱ्या स्त्रिया, महोत्सवातील स्वयंसेवक आणि चाळीतील बायका हे चौघेही या विषयाच्या समीक्षेत सारख्याच महत्त्वाने आले पाहिजेत.

६

वरील विवेचनातून घडणीच्या काही कसोट्या सुचतात. पहिली, वजनाची. सामाईक वस्तूचे वजन ठरविताना वस्तीतील सर्वांत बळकट माणूस समोर न ठेवता, आवरण्याची पाळी ज्याच्यावर यावी असे आपण म्हणतो त्यांतील सर्वांत अशक्त माणूस समोर ठेवला पाहिजे. दुसरी, निजण्याच्या जागेची. वस्तू न वापरण्याच्या काळात कोठे राहील, तेथवर जिना, दार व वळण यांतून जाईल की नाही, आणि त्या जागेची किल्ली कोणाकडे असेल, याचा विचार आकार ठरविण्यापूर्वीच व्हावयास हवा. किल्ली ज्याच्याकडे, वस्तू व्यवहारतः त्याची, असा अनुभव येतो. महिला मंडळाला खुर्च्या हव्या असताना किल्लीवाला गावी गेलेला असणे ही घडणीतीलच चूक मानावी. तिसरी, मोजदादीची. वस्तू मोजता येणे, तिच्यावर नाव घालता येणे आणि तिच्या देवघेवीची नोंद ठेवता येणे ही सामाईकपणाची अंगे आहेत. चौथी, दुरुस्तीची. वस्तीत उपलब्ध असलेल्या कारागिराला ती सांधता आली पाहिजे. सतरंजी पहिल्या कसोटीवर कमी पडते पण चौथीवर उतरते. प्लॅस्टिकच्या खुर्चीचे नेमके उलट आहे. या दोहोंचे गुण एकत्र आणणारी वस्तू हे आजच्या संकल्पकासमोरील खरे आव्हान होय, आणि त्याच्या तुलनेत चाकांचा किंवा बिजागऱ्यांचा चमत्कार ही सोपी गोष्ट आहे.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोल्यांऐवजी उंच इमारतींतून ५०० चौरस फुटांची घरे दिली जात आहेत. वरळी येथील पहिल्या घरांचा ताबा ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आला. तीन पिढ्या एका खोलीत काढलेल्या कुटुंबांना मोठे, स्वतःच्या संडास-न्हाणीचे घर मिळणे ही निःसंशय चांगली गोष्ट आहे आणि चाळीच्या आठवणीपायी तिच्याविषयी हळहळणे शोभणारे नाही. परंतु नव्या इमारतीच्या नकाशात घरे, उद्वाहन, वाहनतळ यांसाठी जागा आखलेली असते, तशी सतरंज्या, पातेली आणि खुर्च्या यांच्यासाठीही आखलेली आहे किंवा नाही, हे पाहणे अगत्याचे आहे. जिन्याखालचा कोपरा कोणी आखून दिला नव्हता. तो सापडला होता. उंच इमारतीत अशा न आखलेल्या जागा थोड्या असतात, आणि जी वस्तू ठेवण्यास जागा नाही ती हळूहळू भाड्याने आणली जाऊ लागते. मंडपवाल्याचे सामान येते, मांडले जाते आणि रात्रीच परत जाते. त्यात सोय पुष्कळ आहे. पण त्या खुर्च्यांच्या पाठीवर वस्तीचे नाव नसते, त्यांची वही वस्तीकडे नसते, आणि आवरण्याच्या निमित्ताने चार शेजारी एकमेकांना हाक मारण्याचा प्रसंगही उरत नाही. लक्झेंबर्ग उद्यानातील गिऱ्हाइकाचा नागरिक होण्यास बराच काळ लागला; येथे नागरिकाचा गिऱ्हाईक होण्यास एक पुनर्विकास पुरेल.

यासाठी या विषयाच्या अभ्यासकांनी आपल्या निरीक्षणाची वेळ थोडी बदलावी, असे सुचवावेसे वाटते. कार्यक्रम रंगात आला असताना घेतलेल्या नोंदींबरोबर तो संपल्यानंतरच्या तासाच्या नोंदीही घ्याव्यात. कोण थांबले, कोण गेले, कोणी काय उचलले, ते कोठे नेऊन ठेवले आणि दार कोणी लावले, एवढ्या पाच गोष्टी जरी प्रत्येक वस्तीतून पद्धतशीरपणे टिपल्या, तरी फिरत्या सामाईक सामानाच्या घडणीविषयी आज जे पुष्कळसे अनुमानाने बोलले जाते त्याला पुराव्याचा आधार मिळेल. मांडणीची समीक्षा आपल्याकडे बरीच पुढे गेली आहे. आवरण्याची समीक्षा अद्याप व्हावयाची आहे, आणि चाळी उभ्या आहेत तोवरच तिच्या अभ्यासाची साधने हाताशी आहेत.